जुन्या सायकलला रुंद टायर बसवायचाय? बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या नवख्यांसाठी

घरात पडून असलेली रेंजर नाहीतर हायब्रिड काढायची, सरळ हँडल, मागे भक्कम कॅरिअर, पुढे टोपली लावायची आणि ऑफिस-बाजाराला मनासारखी गाडी तयार करायची, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनला आपल्याकडे उद्यमबाग, म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत, आहेच. फ्रेमचं काम होतं, रंग होतो, आणि शेवटी माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "मामा, जरा जाड टायर दाखवा." गाडं अडतं ते इथं. मामा विचारतात, "साइज?" आपण म्हणतो, "सव्वीस." आणि सव्वीसचे तीन वेगवेगळे टायर असतात हे घरी आल्यावर, टायर रीमवर चढत नाही तेव्हा कळतं.

म्हणून टायर घरी, सायकल उलटी करून ठरवायचा आणि मग दुकानात जायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्यात. मधली कुठली गाळू नका, विशेषतः तिसरी आणि सहावी.

आधी हे जवळ घेऊन बसा

- व्हर्नियर कॅलिपर. आपल्याकडे गल्लीत एक तरी माणूस उद्यमबागेत कामाला असतो, त्याच्याकडून संध्याकाळपुरता मागून आणा. नाहीच मिळाला तर मिलिमीटरची स्टीलपट्टी.
- ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की. बोल्ट फिरवायला नव्हे, फट मोजायला.
- खडू, वही, मोबाइलचा टॉर्च.
- टायर काढायच्या दोन-तीन प्लास्टिक पट्ट्या. स्क्रूड्रायव्हरने टायर काढू नका, ट्यूब फाटते.
- घड्याळ असलेला, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा पंप.
- सायकल अजून वॉरंटीत असेल तर तिचं बिल आणि वॉरंटीचा कागद. फ्रेम कापून किंवा वेल्डिंग करून घेण्याआधी तो कागद वाचा. बदल केलेल्या फ्रेमला वॉरंटी सहसा मिळत नाही.

१. टायरच्या बाजूवरचे दोन आकडे वाचा

जुना टायर ओल्या फडक्याने पुसा आणि त्याच्या बाजूवर मधे आडवी रेघ असलेले दोन आकडे शोधा. ५०-५५९, ३७-६२२, ४०-६३५ असं काहीतरी उठावात लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रीमवर टायरची तार जिथं बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडा वहीत मोठ्ठा लिहा. रीम बदलल्याशिवाय तो बदलत नाही.

इंचाचे आकडे मात्र फसवे. आपल्या भागात नेहमी भेटणारे असे:

- २६ × १.७५, २६ × २.०, २६ × २.१२५: रेंजर प्रकारच्या सायकली. व्यास ५५९.
- २६ × १ ३/८: जुन्या, बहुतेक लेडीज सायकली. व्यास ५९०.
- २६ × १ १/२: हाही सव्वीसच, पण व्यास ५८४.
- २७.५ इंच: नव्या एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकली. व्यास पुन्हा ५८४.
- ७०० सी आणि २९ इंच: नावं दोन, व्यास एकच, ६२२.
- २८ × १ १/२: आजोबांची काळी सायकल. व्यास ६३५.

दशांश आणि अपूर्णांक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ गणितात सारखे असले तरी त्यांच्या रीम वेगळ्या असतात. दुकानदार "बसतंय ओ, जरा ओढून बसवायचं" म्हणाला तर हसून परत फिरा.

काळ्या सायकलीबद्दल इथंच सांगून टाकतो. तिला रुंद टायर घालायचा बेत असेल तर सोडून द्या. ६३५ मध्ये ४० मिमीच्या पुढे फारसं काही मिळत नाही. रीम बदलू म्हणाल, तर तिचे दांडीचे ब्रेक रीमच्या आतल्या अंगाला घासतात आणि त्याला तसलीच वळणदार रीम लागते. रीम गेली की ब्रेक गेले. आणि खरं सांगायचं तर ४० मिमीचा टायर काही अरुंद नाही. दुधाच्या किटल्या घेऊन खेड्यातून शहरात येणाऱ्यांचं त्याच्यावर वर्षानुवर्षं भागलंय.

२. तुमचा रस्ता कुठला?

रुंद टायर दिसायला भारी दिसतो हे मान्य, पण रुंदी ठरते ती रस्त्यावरून.

टिळकवाडी, शहापूर, कॅम्प एवढ्यातच फिरणं असेल, म्हणजे डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि गटारांच्या जाळ्या, तर ३८ ते ४२ मिमी पुरते. टिळकवाडीतली रेल्वे गेटं रोज ओलांडावी लागत असतील तर थोडं जास्तच घ्या, कारण रुळाशेजारच्या खाचेत अरुंद टायर अडकतो. रुंद टायर घातला तरी रूळ काटकोनातच ओलांडायचा, आणि पावसात तर नक्कीच. ओल्या लोखंडावर कुठलाच टायर धरत नाही.

येळ्ळूर, राजहंसगड, हिंडलगा, सुळगा अशा बाजूला जाणं-येणं असेल, कडेची खडी आणि खड्डे चुकत नसतील, तर ४५ ते ५०. खानापूर-जांबोटीच्या जांभ्या मातीच्या वाटांनाही हेच.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबागकडे रस्ते तसे सपाट, पण ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, मधेच चेचलेली कांडी पडलेली असतात. तिथं ४५ च्या आसपास बरं. त्याहून रुंद का नको ते सहाव्या पायरीत येईल.

एक गैरसमज काढून टाका. रुंद टायर म्हणजे जड पायडल, असं सरसकट नसतं. टायर जमिनीला किती टेकतो हे रुंदीवर नाही, वजन आणि हवेवर ठरतं. एका चाकावर ५० किलो भार आणि आत ५० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो हवा असेल, तर टायर चौदा-पंधरा चौरस सेंटिमीटर टेकणार, मग तो ३२ चा असो की ५० चा. फरक आकारात पडतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आखूड आणि पसरट. आखूड ठशात रबर कमी दबतं, म्हणून त्याच हवेवर रुंद टायर उलट हलका चालतो. पायडल जड होतं ते दोन कारणांनी: जाड गोट्यांची नक्षी आणि कमी हवा. सायकलीला २.१२५ इंचाचे फुगीर टायर अमेरिकेत श्विनने १९३३ सालीच आणले होते, तेव्हा यात नवल असं काही नाही.

३. चिमट्यातली जागा मोजा

चिमटा म्हणजे चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसतं तो भाग. सगळी गोम इथं आहे. सायकल उलटी करा, दोन्ही चाकं काढा.

आता मोजायचं कुठं? बहुतेक जण रीमजवळ मोजतात, तिथं जागा भरपूर दिसते. पण टायर सर्वांत रुंद असतो तो रीमच्या बाहेर, साधारण टायरच्या उंचीच्या मध्यावर. त्याचं गणित सोपं: व्यासाचा अर्धा आकडा घ्या आणि त्यात टायरच्या रुंदीचा अर्धा मिळवा. २६ च्या रेंजरला ५० मिमीचा टायर घालायचा तर २८० अधिक २५, म्हणजे ३०५ मिमी. ७०० सी ला ४० चा घालायचा तर ३११ अधिक २०, ३३१ मिमी. मागचा ॲक्सल जिथं बसतो त्या खाचेपासून पुढे एवढं अंतर मोजून दोन्ही नळ्यांवर आतून खडूची खूण करा. त्या दोन खुणांमधलं अंतर व्हर्नियरने घ्या. पुढच्या चिमट्यालाही तसंच.

मिळालेल्या आकड्यातून दोन्ही बाजूंचे पाच-पाच मिमी, म्हणजे १० मिमी वजा करा. ५८ मिळाले तर ४८ ही तुमची कमाल रुंदी. पाच मिमी कशाला, दोन पुरे, असं मिस्त्री म्हणेल. पुरे नाहीत. रीममध्ये दोन मिमी आउट, म्हणजे वाकडेपणा, असतोच, उभं राहून पायडल मारताना चाक थोडं कलतं, आणि खडीचा एक बारीक तुकडा टायरला चिकटून वर आला की नळीचा रंग खरवडून जातो. तो तुकडा मधे पाचरीसारखा बसला तर चाक जागेवर थांबतं.

रुंदीनंतर उंची बघा. टायर जेवढा रुंद जवळपास तेवढाच उंच असतो. ५० चा टायर ५५९ च्या रीमवर ॲक्सलपासून सुमारे ३३० मिमी जाणार. पुढच्या चिमट्याचा वरचा खांदा आणि मागच्या नळ्यांमधला आडवा पूल यांच्यापर्यंत तेवढं अंतर अधिक किमान सहा मिमी मिळतंय का बघा. मडगार्ड लावणार असाल, आणि इकडे लावावाच लागतो, तर त्याचे आणखी १० मिमी धरा.

आता तपासायच्या अडचणीच्या जागा:

- बीबीच्या, म्हणजे पायडलचा ॲक्सल फिरतो त्या भागाच्या, मागे दोन नळ्या जिथं जवळ येतात. हीच सगळ्यात अरुंद जागा.
- पुढचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. रुंद टायर त्याच्या पिंजऱ्याला टेकू शकतो.
- चेन. पुढे सर्वांत लहान चक्का आणि मागे सर्वांत मोठा गिअर लावून बघा, चेन टायरच्या किती जवळ येते.
- पुढचं चाक आणि बूट. पायडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवा. बुटाचं टोक टायरला लागत असेल तर गर्दीत हळू वळताना तोल जाईल.

शॉकअपचा चिमटा काढून साधा बसवला असेल तर हे माप नव्या चिमट्यावरच घ्या. शिवाय साधा चिमटा उंचीला कमी असेल तर सायकलचं तोंड खाली येतं, पायडलही खाली येतं. आपल्या गल्लीगल्लीतल्या गतिरोधकांवर ते घासतं.

४. ब्रेक

कॅलिपर ब्रेक, म्हणजे मधे एका बोल्टवर लटकलेला चिमट्यासारखा ब्रेक असेल तर रुंदीचा विषय लवकर संपतो. आखूड हाताच्या ब्रेकखाली २८ च्या पुढे जाणं कठीण, लांब हाताच्यात ३५ पर्यंत.

व्ही-ब्रेक, म्हणजे रेंजरला असतो तो दोन उभ्या हातांचा, ५० पर्यंत सहसा अडवत नाही. फक्त चाक काढताना ब्रेकची वायर सोडावी लागते, आणि टायर फारच रुंद असेल तर हवाही थोडी सोडावी लागते. रस्त्यात पंक्चर झालं तर हवा आपोआप गेलेलीच असते, पण बसवताना हे आठवू द्या: आधी चाक, मग हवा.

डिस्क ब्रेक असेल तर तुम्ही सुखी. ब्रेकचा रीमशी संबंध नसल्यामुळे ७०० सी ची चाकं काढून २७.५ ची बसवता येतात आणि त्याच फ्रेममध्ये बरेचदा जास्त रुंद टायर मावतो. हिशेब बघा: ६२२ वर २८ चा टायर म्हणजे एकूण उंची ६७८. ५८४ वर ४७ चा, तरी ६७८. चाकाची उंची तीच, टायर दीडपटीहून जास्त रुंद. पण आधी ७०० सी वर ४२ चा टायर असेल तर या बदलात पायडल १४ मिमी खाली येईल, पुन्हा गतिरोधक. आणि हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी व डिस्क बसवायची पद्धत आपल्या फ्रेमशी जुळते का ते चाकं घेण्याआधी बघा.

व्ही-ब्रेक असलेल्या सायकलवर असला चाकबदल करू नका. रीमची कड १९ मिमी खाली सरकते, ब्रेकचे गुटके तिथवर पोचत नाहीत.

५. रीमची आतली रुंदी

टायर काढून रीमच्या दोन कडांच्या आतलं अंतर मोजा. बाहेरचं नव्हे.

- आत १७ मिमी: टायर २८ ते ४५
- आत १९ मिमी: टायर ३२ ते ५०
- आत २१ ते २५ मिमी: टायर ४० ते ६०

अरुंद रीमवर फार रुंद टायर बसवला तर तो विजेच्या बल्बसारखा होतो, खाली बारीक वर फुगीर, आणि वळणावर मागचं चाक डुलल्यासारखं वाटतं. हवा वाढवून हे लपवता येतं, पण मग रुंद टायर घेतला कशाला?

रीमचा ब्रेक असेल तर रीमच्या बाजूवरून बोट फिरवा. मधे खड्डा लागला तर रीम झिजली आहे. तसल्या रीमवर नवा टायर घालू नका, आधी रीम बदला. स्पोक ढिले असतील तर मिस्त्रीकडून आउट काढून घ्या, तेही टायर घेण्याआधी.

६. मडगार्ड आणि माती

इंटरनेटवरचे सल्ले कुठल्याही देशात बसून लिहिलेले असतात. त्यांना आपली काळी माती माहीत नाही.

पश्चिमेला खानापूरकडे पाऊस दणकून पडतो, पण जांभी माती धुऊन जाते. चिखल उडतो, कपडे लाल होतात, चाक मात्र फिरत राहतं. पूर्वेची काळी माती निराळी. पहिल्या पावसानंतर शेताच्या वाटेने शंभर पावलं गेलात तरी ती टायरवर थरावर थर चढवत जाते. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट असेल तर ती भरते, मडगार्डची कड आत वळते, आणि मग सायकल खांद्यावर. काटकी घेऊन कोरत बसावं लागतं, ती माती पाण्यानेसुद्धा लगेच सुटत नाही.

म्हणून नियम असा की चिमट्यात मावतो तेवढा टायर घ्यायचा नाही. मडगार्ड टायरपेक्षा किमान ८ ते १० मिमी रुंद हवा, आणि टायरच्या माथ्यावर किमान १० मिमी फट हवी. काळ्या मातीत रोज जाणारे असाल तर १५. फ्रेममध्ये ५० चा टायर कसाबसा मावत असेल तर ४५ चा घ्या आणि वाचलेली जागा मातीसाठी सोडा. पूर्वेच्या तालुक्यांत राहणाऱ्यांना माझा हाच आग्रह आहे, दिसायला गाडी थोडी कमी भारदस्त दिसली तरी.

मडगार्ड काढून टाकायचा पर्याय असतो, पण बेळगावच्या पावसाळ्यात ऑफिसला जाणाऱ्याने तो विचारही करू नये.

७. नक्षी, रबर आणि काटे

डांबरावर गोट्यांची नक्षी फक्त आवाज करते आणि दमवते. पाण्यावरून घसरू नये म्हणून खोल नक्षी हवी, हे चारचाकीचं तर्कट सायकलला लागू नाही. सायकलचा टायर इतका निमुळता आणि वेग इतका कमी असतो की पाणी आपोआप बाजूला होतं. शेवाळलेल्या काँक्रीटच्या गल्लीत तुम्हाला सावरतं ते मऊ रबर आणि बेताची हवा. तेव्हा मधे गुळगुळीत किंवा बारीक खाचा आणि दोन्ही कडांना थोड्या गोट्या, असा टायर घ्या. मधला भाग डांबरावर पळतो, कडा खडीत धरतात. गोट्यांचा पूर्ण एमटीबी टायर फक्त चिखलाच्या पायवाटांसाठी, आणि काळ्या मातीत तोही उपयोगाचा नाही, गोट्या भरून जातात.

काट्यांचं काय? पावसाळा सरून गवत वाळलं की रस्त्याच्या कडेला सराटे पसरतात. ऊन तापलं की बांधावरच्या बाभळी छाटतात आणि त्या फांद्या वाटेवरून ओढत नेतात. या दोन्हींवर जाडी कामाची नाही, नक्षीच्या खाली असलेला संरक्षक पट्टा कामाचा. श्वाल्बेच्या मॅरॅथॉन प्लसमध्ये ५ मिमी जाडीचा असा थर असतो. टायर जड होतो, महागही पडतो. तेवढे पैसे घालायचे नसतील तर राल्को, मेट्रो, हार्टेक्स यांचे साधे टायर घ्या आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला. सराट्याच्या बारीक भोकाला सीलंट उत्तम. बाभळीच्या मोठ्या काट्याला मात्र पंक्चरवालाच हवा. उन्हाळ्यात सीलंट वाळतं, दरवर्षी पुन्हा घालावं लागतं.

बाजूला चमकणारी पट्टी असलेला टायर मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. अंधारात हायवेच्या सर्व्हिस रोडवर आडवी जाणारी सायकल ट्रकवाल्याला त्या पट्टीमुळेच दिसते.

८. ट्यूब आणि वॉल

टायर रुंद घेतला की ट्यूबही बदलायची. ट्यूबच्या खोक्यावर रुंदीचा पल्ला छापलेला असतो, ४०/५४-५५९ असा. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून भरली की रबर पातळ होतं आणि हवा लवकर उतरते.

वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड, शक्यतो मोटरसायकलचा असतो तसला जाड घ्या. कुठल्याही पेट्रोल पंपावर, कुठल्याही पंक्चरच्या टपरीवर हवा भरता येते, आणि आतली सुई काढून सीलंटही घालता येतं. रीमचं भोक बारीक असेल तर जाड वॉल जात नाही: जाडाला ८.५ मिमी लागतं, बारकाला ६.५ पुरतं. बारीक वॉलच वापरणार असाल तर पितळेचा छोटा ॲडॉप्टर टोपीखाली कायम ठेवा. तुमचा वॉल बघून टपरीवाला हात वर करतो, ती वेळ टळेल.

९. दुकानात

मोबाइलमध्ये पाच गोष्टी लिहून न्या: व्यासाचा आकडा, कमाल रुंदी, रीमची आतली रुंदी, वॉलचा प्रकार, मडगार्डची रुंदी. जुना टायर सोबत न्या, आकडे पुसट असले तरी.

खडे बाजार, गणपत गल्ली या भागात विचारत फिरलात तर रेंजरच्या मापाचे टायर मिळून जातात. ७०० सी मध्ये ३८ च्या वरचं माप हवं असेल तर गिअरच्या सायकली विकणाऱ्या दुकानात मागवून घ्यावं लागतं, नाहीतर कोल्हापूर, हुबळी, नाहीतर ऑनलाइन. ऑनलाइन घेताना फोटोत बाजूचे दोन आकडे स्पष्ट दिसतात का बघा. नुसतं "२६ इंच" लिहिलं असेल तर पुढे सरका.

दोन्ही टायर एकदमच रुंद करायला हवेत असं नाही. मागचा ४७ आणि पुढचा ४२ चालतो, भार मागेच जास्त असतो. उलटं मात्र करू नका.

बिल घ्या आणि टायर हातात घेऊन बाजूला भेगा आहेत का बघा. बरेच दिवस उन्हात टांगलेल्या टायरचं रबर वाकवल्यावर बारीक तडकतं.

१०. बसवताना

टायरवर बाण असतो, चाक पुढे फिरतं त्या दिशेला तो ठेवा. रीमची पट्टी जागेवर आहे ना, स्पोकचं एकही टोक उघडं नाही ना, हे बोटाने चाचपा. ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून ती टायरमध्ये बसवा. शेवटचा भाग वॉलजवळ येऊ द्या आणि तो अंगठ्यांनी चढवा. मग वॉल एकदा आत ढकला, म्हणजे त्याच्याखाली ट्यूब दबली असेल तर सुटते.

थोडी हवा भरून चाक फिरवा. रीमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ गोल जाते, ती सगळीकडे रीमपासून सारख्या अंतरावर हवी. कुठं बुडली असेल तर तिथं साबणाचं पाणी लावून टायर हाताने ओढा. रेघ सरळ झाल्याशिवाय पूर्ण हवा नको.

चाक चढवल्यावर ॲलन की काढा. ५ ची की टायर आणि नळी यांच्यामध्ये चारी बाजूंनी सहज सरकली पाहिजे, ६ ची माथ्यावर. अडकली तर चाक सरळ बसलंय का आधी बघा. बरेचदा तेवढंच असतं.

११. हवा किती?

रुंद टायर घेऊन त्यात जुन्याएवढीच हवा ठोकणं हा सगळ्यात मोठा सापळा. हवा तीच ठेवून टायरची रुंदी दुप्पट केली तर त्याच्या कापडावरचा ताणही दुप्पट होतो. म्हणून तर रुंद टायरवर छापलेली कमाल मर्यादा कमी असते. आणि टपरीवरचा माणूस अंगठ्याने दाबून "टाइट" करून देतो. त्याला आकडा सांगा. चिकोडी-रायबागकडे असाल तर "चाळीस"ऐवजी कानडीत "नलवत्तु" म्हणा, काम लवकर होतं.

माणूस, सायकल, डबा, दप्तर मिळून ९० किलोच्या आसपास वजन धरून सुरुवात अशी करा:

- ३५ मिमी: मागे ६०, पुढे ५० पीएसआय
- ४२ मिमी: मागे ५०, पुढे ४०
- ५० मिमी: मागे ३८, पुढे ३०

मागे पोरगं किंवा तांदळाचं पोतं बसणार असेल तर मागच्यात पाच-सात वाढवा. खड्ड्यात रीम दगडाला ठण्णकन लागली तर तीन-चार वाढवा. हँडलला सारखा थरथराट जाणवत असेल तर तेवढेच उतरवा. टायरवरची कमाल मर्यादा ओलांडू नका. पंपावर बारमध्ये आकडा असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पेट्रोल पंपाच्या मशीनने भरताना थांबत थांबत भरा, मोटारीच्या मानाने आपली ट्यूब एवढीशी, क्षणात भरते.

१२. पहिले काही दिवस

नवा टायर हवा भरल्यावर काही दिवसांत मिमीभर पसरतो. आठवड्याने ॲलन कीची तपासणी पुन्हा करा आणि ब्रेकचे गुटके टायरला घासत नाहीत ना ते बघा. स्पीडोमीटर असेल तर चाकाचा घेर नव्याने भरा: ५५९ वर ५० चा टायर असेल तर साधारण २०७० मिमी. अचूक हवा असेल तर वॉल खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि दुसरी खूण करून अंतर मोजा.

जुन्या ट्यूब टाकू नका. कॅरिअरवर डबा बांधायला त्याच्याएवढा चांगला पट्टा विकत मिळत नाही.